ओल्ड बेलीचा रम्पोल: नव्या वाचकांनी कुठून आणि कशी सुरुवात करावी

होरेस रम्पोल हा लंडनचा, ओल्ड बेली या मुख्य फौजदारी कोर्टात लढणारा वकील. वय अडुसष्टच्या आसपास, अंगानं जाडजूड, डोक्यावर जुनाट विग, कोटावर चिरुटाची राख. तो आयुष्यभर आरोपींच्या बाजूनं उभा राहिला. मोठा हुद्दा त्याला कधी मिळाला नाही, आणि घरी बायकोपुढे त्याचं काही चालत नाही. जॉन मॉर्टिमर यांनी १९७० च्या दशकात हे पात्र उभं केलं आणि २००९ मध्ये वारले तोवर ते त्याच्यावर लिहीत राहिले. कथा विनोदी आहेत, वेगानं वाचून होतात, आणि एकेक कथा एका बैठकीत संपते. तरीही पहिल्यांदा हातात घेणारा मराठी वाचक दहाएक पानांत अडखळतो, कारण ब्रिटिश कोर्टाची रचना, नावांची गर्दी आणि मधूनच येणाऱ्या कवितेच्या ओळी एकदम अंगावर येतात. ही अडचण थोड्या तयारीनं जाते. ती तयारी कशी करायची, ते पायरीपायरीनं सांगतो.

आधी एक गोष्ट मनात पक्की धरा, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. या कथांमध्ये हसू येतं ते वरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं: तापट न्यायाधीश, पदाला चिकटलेला चेंबरप्रमुख (चेंबर म्हणजे वकिलांची सामायिक कचेरी), आपल्या पुराव्यावर फार खूश असलेला इन्स्पेक्टर. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस विनोदी असला तरी त्याला कमी लेखून विनोद केलेला नसतो. हे ध्यानात ठेवून वाचलं की कुठे हसायचं आणि कुठे कान टवकारायचे, हे आपोआप कळत जातं.

पायरी पहिली: कोर्टाची मांडणी समजून घ्या

बॅरिस्टर हा शब्द आपल्या घरातलाच आहे. आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले; इन म्हणजे बॅरिस्टरांना सनद देणारी संस्था. सावरकर तिथेच शिकले, पण त्यांना सनद द्यायचं इननं नाकारलं. गांधी इनर टेंपलचे. नाथ पै आणि अंतुले यांच्या नावामागे तर आपण सहज ‘बॅरिस्टर’ लावतो. लंडनमध्ये अशी चार इन्स आहेत, इनर टेंपल, मिडल टेंपल, लिंकन्स इन आणि ग्रेज इन. रम्पोलचं चेंबर टेंपलच्या परिसरातलं, इक्विटी कोर्ट नावाच्या काल्पनिक जागेतलं.

तिथे वकिलांच्या दोन जाती आहेत. सॉलिसिटर अशिलाला भेटतो, कागदपत्रं जमवतो, साक्षीदारांची जबानी घेतो. मग तो सगळा गठ्ठा गुलाबी फितीनं बांधून बॅरिस्टरकडे पाठवतो. या गठ्ठ्याला ब्रीफ म्हणतात. कोर्टात उभं राहून लढतो तो बॅरिस्टर. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर १९७० च्या दशकापर्यंत अशीच दुहेरी पद्धत होती, आणि फोर्टातल्या जुन्या सॉलिसिटर कंपन्या ही तिचीच खूण. त्यामुळे मुंबईच्या कोर्टाशी संबंध आलेल्या वाचकाला हे परकं वाटू नये. रम्पोलला काम मिळतं ते सॉलिसिटरांच्या मर्जीवर. म्हणूनच त्याचा नेहमीचा सॉलिसिटर मिस्टर बर्नार्ड अधूनमधून डोकावत राहतो.

चेंबर म्हणजे कंपनी नव्हे. प्रत्येक बॅरिस्टर आपापला धंदा करतो, भाडं आणि क्लार्क मात्र सगळ्यांचा एकच. हा क्लार्क फार महत्त्वाचा माणूस. कोणती केस कोणाकडे जाणार, फी किती मागायची, ती वसूल कशी करायची, हे तोच बघतो आणि फीमधला हिस्साही घेतो. मोठमोठे वकील क्लार्कची मर्जी राखून असतात. या कथांमधली बरीच गंमत याच नात्यातून येते. सुरुवातीच्या कथांमध्ये अल्बर्ट हा क्लार्क आहे, पुढे हेन्री येतो.

नावाजलेल्या बॅरिस्टरांना क्वीन्स काउन्सेल ही पदवी मिळते. २०२२ मध्ये राजा गादीवर आल्यापासून ती किंग्ज काउन्सेल झाली. त्यांचा झगा रेशमी असतो, म्हणून त्यांना सिल्क म्हणतात. बाकी सगळे ज्युनियर, मग वय कितीही असो. रम्पोल सत्तरीकडे झुकला तरी ज्युनियरच राहतो. त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान माणसं सिल्क होऊन त्याच्या डोक्यावर बसतात. ही जखम बहुतेक कथांमध्ये कुठे ना कुठे ठसठसते.

आणि ज्युरी. आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९ मध्ये मुंबईत नऊ जणांच्या ज्युरीनं आठ विरुद्ध एक अशा मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, आणि त्यानंतर आपल्याकडून ज्युरी हळूहळू गेली ती गेलीच. इंग्लंडमध्ये ती आजही आहे. बारा सामान्य माणसं दोषी की निर्दोष ते ठरवतात आणि न्यायाधीश कायदा सांगून शिक्षा देतो. १९६७ पासून दहा विरुद्ध दोन असा बहुमताचा निकालही चालतो. म्हणून रम्पोल बोलतो तेव्हा त्याची नजर न्यायाधीशाकडे नसते, त्या बारा जणांकडे असते. न्यायाधीशाला चिडवणं हे कित्येकदा त्याचं शस्त्र असतं. न्यायाधीश जितका आरोपीवर खेकसतो, तितकी ज्युरी आरोपीकडे झुकते. उलटतपासणीची पानं वाचताना तुम्हीही ज्युरीच्या बाकावर बसल्यासारखं वाचा, मग एकेक प्रश्न कशासाठी विचारला ते उमगेल.

पायरी दुसरी: पहिली कथा कोणती

पुस्तकं क्रमानंच वाचली पाहिजेत असं नाही, पण पहिली कथा पहिलीच घ्या. १९७८ च्या ‘रम्पोल ऑफ द बेली’ या संग्रहात सहा कथा आहेत आणि त्यांतली पहिली ‘रम्पोल अँड द यंगर जनरेशन’.

टिम्सन हे दक्षिण लंडनमधलं चोरांचं खानदान. पिढ्यान्‌पिढ्या घरफोड्या करणारी, हाणामारीपासून शक्यतो लांब राहणारी माणसं. त्यांचा कुटुंबवकील रम्पोल. या कथेत घराण्यातल्या सोळा वर्षांच्या जिमवर जबरी चोरीचा आरोप येतो. बापलोक जिथे जातात तिथे पोरगा पहिल्यांदाच उभा राहणार असतो. त्याच दिवसांत रम्पोलचा मुलगा निक सुट्टीत घरी आलेला असतो. आणि चेंबरचे प्रमुख, म्हणजे रम्पोलचे सासरे विस्टन, निवृत्त व्हायच्या बेतात असतात. सासऱ्यांची खुर्ची आपल्याला मिळणार असं रम्पोल धरून चालतो, त्याची बायको हिल्डा तर त्याहून जास्त. खुर्ची मात्र जाते गथ्री फेदरस्टोनकडे. हा वयानं लहान, संसदेचा सभासद, दिसायला देखणा आणि स्वभावानं मऊ माणूस.

आता कथेचं शीर्षक पुन्हा पाहा. तरुण पिढी म्हणजे टिम्सनांचा पोरगा, रम्पोलचा मुलगा आणि पुढे सरकलेला फेदरस्टोन, तिघेही. मॉर्टिमर यांचं सगळं कसब या एका कथेत दिसतं, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा असं मी आग्रहानं सांगतो. कोर्टातली केस, चेंबरमधलं राजकारण आणि ग्लॉस्टर रोडच्या फ्लॅटमधला संसार असे तीन धागे प्रत्येक कथेत चालतात आणि शेवटाकडे एकमेकांत विणले जातात. कधी घरात ऐकलेली एखादी किरकोळ गोष्ट कोर्टात उपयोगी पडते, तर कधी कोर्टात कळलेल्या गुपितामुळे चेंबरमधला डाव उलटतो. म्हणून घरगुती कटकटीची पानं गाळू नका. कित्येकदा केसची किल्ली तिथेच टाकलेली असते.

ही बांधणी कुठून आली तेही सांगतो. रम्पोल आधी पडद्यावर आला. १९७५ मध्ये बीबीसीवर एक नाटक झालं, मग १९७८ पासून थेम्स टेलिव्हिजनवर मालिका सुरू झाली आणि ती १९९२ पर्यंत थांबत थांबत चालली. मॉर्टिमर पटकथा लिहीत आणि त्याच गोष्टी कथारूपानंही छापून येत. तासाभराच्या भागात तीन धागे सुरू करून गाठ मारायची, हे शिस्तीचं काम त्या पटकथांमुळे कथांमध्ये उतरलं.

पायरी तिसरी: माणसांची ओळख

नावं लक्षात राहत नाहीत ही नव्या वाचकाची नेहमीची तक्रार. पण माणसं ठरावीक आहेत आणि कथेकथेतून परत येतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन कथांपुरतीच ही अडचण.

हिल्डा ही बायको. तिचा उल्लेख रम्पोल ‘जिची आज्ञा मोडायची सोय नाही अशी ती’ अशा अर्थाच्या बिरुदानं करतो. हे बिरुद त्यानं रायडर हॅगार्डच्या एका जुन्या कादंबरीतल्या राणीवरून उचललं आहे. तिचे वडील चेंबरप्रमुख होते, त्यामुळे ‘डॅडी असते तर’ हे पालुपद ठरलेलं. क्लॉड अर्स्किन-ब्राउन हा वाग्नरच्या ऑपेराचा भक्त, सिल्क मिळवायला आतुर, आणि बायकांच्या बाबतीत घसरणारा. फिलिडा ट्रँट चेंबरमध्ये नवी येते, पुढे क्लॉडशी लग्न करते, आणि वकील म्हणून त्याच्या कितीतरी पुढे निघून जाते. रम्पोल तिला शेक्सपिअरच्या नाटकातल्या वकील नायिकेवरून पोर्शिया म्हणतो, आणि माझ्या मते रम्पोलखालोखाल या कथांमधलं सर्वांत चांगलं पात्र तेच. सॅम्युएल बॅलार्ड नंतर चेंबरप्रमुख होतो. हा भाविक, नियमांचा कट्टर, विनोदाशी वैर असलेला गृहस्थ. अंकल टॉम नावाचे एक वृद्ध बॅरिस्टर आहेत. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ब्रीफ आलेलं नाही, ते क्लार्कच्या खोलीत गोल्फचा चेंडू टोलवत बसतात. त्यांच्यावर जीव जडतो.

न्यायाधीशांत दोन नावं ठेवा. बुलिंगहॅम हा बैलासारखा अंगावर येणारा. ग्रेव्ह्ज हा थंड, उदास, प्रेतयात्रेला निघाल्यासारखा. रम्पोल त्याच्या नावावर कबरीच्या दगडाची कोटी करतो.

जागा लक्षात ठेवायला सोप्या. कोर्ट सुटलं की पॉमरॉयचा वाइन बार. तिथली स्वस्त लाल वाइन रम्पोलला प्रिय, आणि तिला तो फ्लीट स्ट्रीटच्या नावाची, फ्रेंच द्राक्षमळ्याच्या थाटातली भारदस्त नावं ठेवतो.

पायरी चौथी: हसण्याच्या मुळाशी काय आहे ते ओळखा

इथे मी जरा थांबतो, कारण ही पायरी वगळली तर रम्पोल नुसता फटकळ म्हातारा वाटतो.

आरोपीचा गुन्हा सरकारनं सिद्ध करायचा, आरोपीनं आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं नाही. आपल्याला हे इतकं परिचयाचं आहे की ते कायम असंच होतं असं वाटतं. तसं नव्हतं. डिसेंबर १९३४ मध्ये डॉर्सेट परगण्यात रेजिनाल्ड वुल्मिंग्टन नावाच्या २१ वर्षांच्या शेतमजुराच्या बंदुकीतून गोळी सुटून त्याची बायको ठार झाली. ती त्याला सोडून आईकडे गेली होती. त्याचं म्हणणं असं, की ‘परत नाही आलीस तर मी जीव देईन’ हे दाखवायला बंदूक नेली होती, ती चुकून सुटली. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं, की मृत्यू त्याच्या हातून झाला हे दिसल्यावर तो खून नव्हता हे आरोपीनंच दाखवायचं. त्याला फाशी सुनावली गेली. अपील लॉर्ड्‌सच्या सभागृहापर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टापर्यंत गेलं, आणि १९३५ च्या मे महिन्यात लॉर्ड सँकी यांनी सांगितलं, की इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या विणीतून एक सोनेरी धागा कायम दिसतो आणि तो म्हणजे सिद्धतेचा भार सरकारवर. वुल्मिंग्टन सुटला.

रम्पोल ज्युरीपुढे वारंवार ज्या सोनेरी धाग्याबद्दल बोलतो, तो हा. १९८३ च्या संग्रहाचं नावच ‘रम्पोल अँड द गोल्डन थ्रेड’ आहे. त्याच नावाच्या कथेत तो नेरांगा या काल्पनिक आफ्रिकी देशात आपल्या जुन्या शिष्याचा बचाव करायला जातो. अनोळखी देश, वेगळे राज्यकर्ते, आणि तरी पिशवीत तोच एक नियम घेऊन तो उभा राहतो. माझ्या आवडत्या कथांपैकी ती एक.

याच मुळातून दुसरी गोष्ट येते. समोर येईल ती केस घ्यायची, टॅक्सीच्या रांगेतल्या पहिल्या गाडीनं पहिलं गिऱ्हाईक घ्यावं तशी, हा तिथल्या बॅरिस्टरांचा लिखित नियम आहे आणि त्याचं नावही टॅक्सीच्या रांगेवरूनच पडलं आहे. ‘रम्पोल अँड द फॅसिस्ट बीस्ट’ या कथेत तो एका वंशद्वेष्ट्या पुढाऱ्याचा बचाव करतो. त्या माणसाचे विचार त्याला घाण वाटतात, ते तो लपवत नाही, आणि केस मात्र जीव ओतून लढतो. ‘गुन्हेगारांचे वकीलपत्र कसे घेता?’ हा प्रश्न आपल्याकडेही वकिलांना लग्नाकार्यात हटकून विचारला जातो. त्याचं उत्तर कुणी विचारलं तर मी ही कथा वाचायला देतो.

आणखी एक तांत्रिक मुद्दा, जो ठाऊक नसेल तर जुन्या कथांमधले निम्मे डाव कळत नाहीत. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. इंग्लंडमध्ये तो चालतो. १९८० च्या दशकात जबानी टेपवर घ्यायची पद्धत रुळण्याआधी पोलीस अधिकारी चौकशीनंतर आपल्या वहीत लिहून काढत, की आरोपी असं असं म्हणाला. आरोपी म्हणे, मी काहीच म्हटलं नव्हतं. त्या वह्यांतल्या वाक्यांना गुन्हेगारांच्या बोलीत ‘व्हर्बल’ म्हणत. रम्पोलच्या सुरुवातीच्या कथांमध्ये अशा वहीवर तो तुटून पडतो तेव्हा ते नुसतं नाट्य नाही. त्या काळच्या खऱ्या भांडणाचा तो गाभा होता.

पायरी पाचवी: भाषेला भिऊ नका

इंग्रजी कठीण नाही, खेळकर आहे. पण तीन थर एकत्र येतात. एक कोर्टाचा शिष्टाचार, म्हणजे ‘माझे विद्वान मित्र’ वगैरे, जो आपल्या कोर्टांतही आहे. दुसरा लंडनच्या गल्लीतली बोली. ग्रास म्हणजे खबऱ्या, फेन्स म्हणजे चोरीचा माल घेणारा, स्क्रब्ज म्हणजे वर्मवुड स्क्रब्ज हा लंडनचा तुरुंग. टिम्सन मंडळी वकिलालाही ब्रीफच म्हणतात, तेव्हा गोंधळ होऊ देऊ नका. तिसरा थर कवितांचा. रम्पोलचा वर्डस्वर्थ तोंडपाठ आहे, शेक्सपिअर आहे, आणि क्विलर-कूच यांनी संपादित केलेला जुना इंग्रजी कवितासंग्रह त्याचा कायमचा सोबती. ओळ कुठली ते शोधत बसू नका. ती तो कोणाच्या तोंडावर आणि कोणत्या क्षणी म्हणतो, एवढं पाहा. न्यायाधीश झापत असताना हा शांतपणे एक ओळ पुटपुटतो, आणि वाचक त्याच्या बाजूला येतो.

ही सवय मॉर्टिमर यांच्या घरातून आली. त्यांचे वडील क्लिफर्ड घटस्फोटाच्या खटल्यांतले नामांकित बॅरिस्टर. त्यांची दृष्टी पूर्ण गेली, पण त्यांनी वकिली सोडली नाही. आगगाडीत त्यांची पत्नी ब्रीफ मोठ्यानं वाचून दाखवी, त्यात परक्यांच्या संसारातल्या नको त्या गोष्टी असत आणि सगळा डबा ऐके. वडिलांना शेक्सपिअर पाठ होता आणि तो ते वेळीअवेळी म्हणत. हे माणूसपण कागदावर आलं नसतं तर रम्पोल इतका जिवंत झाला नसता.

मॉर्टिमर स्वतःही लेखणीइतकेच कोर्टात रमले. ते १९४८ मध्ये बॅरिस्टर झाले आणि १९६६ मध्ये सिल्क. १९७१ मध्ये ‘ऑझ’ मासिकावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात ते ओल्ड बेलीत बचावासाठी उभे राहिले. तिथे लागलेले अश्लीलतेचे दोषारोप पुढे अपिलात टिकले नाहीत. १९७७ मध्ये नॉटिंगहॅमला एका रेकॉर्ड दुकानाच्या व्यवस्थापकाचा बचाव त्यांनी केला. दुकानाच्या काचेत सेक्स पिस्टल्स या बँडच्या तबकडीचं पोस्टर लावलं होतं आणि शीर्षकातला एक शब्द असभ्य आहे असा आरोप होता. त्या शब्दाचा इतिहास सांगायला विद्यापीठातला प्राध्यापक साक्षीला आणला आणि व्यवस्थापक सुटला. अशा माणसाच्या हातून आलेल्या कोर्टाच्या दृश्यांत ऐकीव काही नसतं, ते वाचताना जाणवतं.

पायरी सहावी: पुढच्या कथा कशा निवडाव्यात

पहिला संग्रह संपला की क्रम सोडून दिला तरी चालेल. मी असं सुचवेन.

खळखळून हसायचं असेल तर ‘रम्पोल अँड द टॅप एंड’. टोनी टिम्सनवर बायकोला आंघोळीच्या टबात बुडवायचा प्रयत्न केल्याचा आरोप आहे. तोवर न्यायाधीश झालेला आपला फेदरस्टोन शिक्षा सुनावताना, टबात नळाच्या बाजूला कोणी बसावं याबद्दल असं काही बोलून जातो की वर्तमानपत्रं पेटतात. एका वाक्यानं माणसाची खुर्ची कशी डळमळते, ते पाहण्यासारखं आहे. या कथेत विनोद नेमका वरच्या खुर्चीवर पडतो, आणि मॉर्टिमर यांची ताकद कुठे आहे ते कळतं.

‘रम्पोल आ ला कार्त’ ही अन्नाची कथा. भारी फ्रेंच रेस्तराँमध्ये रम्पोल आपलं साधं इंग्रजी जेवण मागतो आणि आचारी-मालक खवळून बाहेर येतो. मग एका रात्री एका टेबलावर चांदीचं झाकण उचललं जातं आणि ताटात जिवंत उंदीर. खटला आचाऱ्यावर होतो, आणि तो वकील म्हणून बोलावतो रम्पोललाच. चेंबरमधल्या एका सहकाऱ्याला त्या रात्री आपण तिथे होतो हे बाहेर येणं परवडणारं नसतं. तीन धागे एका ताटात कसे येतात, ते इथे बघा.

कलेची आवड असेल तर ‘रम्पोल अँड द जेन्युइन आर्टिकल’, ही बनावट चित्रांची गोष्ट. नाटकवाल्यांसाठी ‘रम्पोल अँड द शोफोक’, जिथे नवऱ्याला गोळी घातल्याचा आरोप असलेली एक नटी आहे. ‘रम्पोल अँड द लास्ट रिसॉर्ट’बद्दल मी काहीच सांगणार नाही, फक्त शेवटची पानं आधी चाळू नका.

लांब कादंबऱ्या सुरुवातीला टाळा. रम्पोल हा कथेचा माणूस आहे, कादंबरीत तो जरा पसरतो. एका कादंबरीसाठी मात्र जरूर जागा ठेवा. पेंजच्या बंगल्यातल्या दुहेरी खुनाची केस आपण ‘एकट्यानं, कोणी वरिष्ठ नसताना’ जिंकली, हे रम्पोल पहिल्या संग्रहापासून प्रत्येकाला ऐकवत असतो. ऐकणारे कंटाळतात, वाचकालाही ते पाठ होतं. ती केस पूर्ण सांगितली गेली थेट २००४ मध्ये, ‘रम्पोल अँड द पेंज बंगलो मर्डर्स’ या कादंबरीत. काळ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा, आरोपी एक तरुण मुलगा, आणि तेव्हा इंग्लंडमध्ये फाशी होती. ती १९६५ मध्ये थांबली. विनोदाखाली दोर लटकत असतो. बढाई ऐकून ऐकून कंटाळल्यावर ही कादंबरी वाचली तर तिचा घाव खोल बसतो. म्हणून निदान दोन-तीन संग्रह झाल्यावरच ती उघडा.

२००६ ची ‘रम्पोल अँड द रेन ऑफ टेरर’ आणखी एका कारणासाठी महत्त्वाची. दहशतवादविरोधी कायद्याखाली एका पाकिस्तानी डॉक्टरला पकडलंय आणि आरोप नेमका काय तेच कोणी सांगत नाही. ऐंशी पार केलेल्या लेखकाला सोनेरी धागा तुटताना दिसत होता आणि तो संताप पानापानांत आहे. याच पुस्तकात हिल्डा स्वतःच्या आठवणी लिहायला बसते आणि आपल्याला तिची बाजू पहिल्यांदा सविस्तर कळते. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या कथांमध्ये बायकोवरचे विनोद काही ठिकाणी एकाच साच्यातले आहेत, आणि स्त्रीवादी तरुण वकील लिझ प्रोबर्टला लेखकानं सुरुवातीला न्याय दिलेला नाही. आजच्या वाचकाला ते खटकेल. खटकू द्या, पण त्यासाठी पुस्तक खाली ठेवू नका, कारण फिलिडाला आणि पुढे हिल्डाला दिलेली उंचीही त्याच हाताची आहे.

पायरी सातवी: पाहणं, ऐकणं, मिळवणं

मालिकेत रम्पोल झाला तो लिओ मॅकर्न, सिडनीत जन्मलेला ऑस्ट्रेलियन नट. त्याचा एक डोळा काचेचा होता. त्याचा खर्जातला आवाज एकदा कानात बसला की पुढच्या कथा त्याच आवाजात वाचल्या जातात, म्हणून दोन-तीन कथा आधी वाचा आणि मगच भाग बघा. स्वतःचा रम्पोल डोळ्यांपुढे उभा राहू द्या. रेडिओवर टिमथी वेस्ट यांनी रम्पोल केला आहे आणि बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी तरुण रम्पोल. इंग्रजी वाचायची सवय कमी असेल तर ध्वनिपुस्तक लावून हातात पुस्तक धरणं फार उपयोगी पडतं, कारण उलटतपासणीतला विनोद बराचसा थांबण्याच्या जागांवर आहे.

सुटे संग्रह शोधत बसण्यापेक्षा पेंग्विनचे जाड ओम्निबस खंड घ्या. पहिल्या खंडात पहिले दोन संग्रह आणि ‘रम्पोल्स रिटर्न’ ही छोटी कादंबरी एकत्र आहे. महिनाभर पुरेल.

लंडनला राहणाऱ्यांसाठी किंवा तिकडे जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ओल्ड बेलीची आजची इमारत १९०७ मध्ये, जुना न्यूगेट तुरुंग पाडून त्या जागेवर उभी राहिली. मदनलाल धिंग्रा यांच्यावर १९०९ मध्ये आणि उधमसिंग यांच्यावर १९४० मध्ये खटला चालला तो इथेच. घुमटावर सोनेरी न्यायदेवता आहे, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही. खटले चालू असताना प्रेक्षकांच्या सज्जात बसता येतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन आणि मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, आणि ते ठेवायची सोय इमारतीत नाही, म्हणून ते घरी ठेवूनच निघा. सकाळचं कामकाज सुरू होण्याआधी पोहोचा आणि शक्य झाल्यास उलटतपासणी चालू असलेलं कोर्ट निवडा. भाषणांपेक्षा तिथे जास्त कळतं. तिथून फ्लीट स्ट्रीटनं चालत गेलात की टेंपलची गल्लीबोळं लागतात. आठवड्याच्या कामाच्या दिवशी जा, म्हणजे गठ्ठे काखेत मारून लगबगीनं चाललेले बॅरिस्टर दिसतील.